सरीसृपांची ऊब

वैशाखाच्या तोंडावर, दिवेलागणीनंतरही मंडपात पंखे फिरत असताना, उबेवर बोलावयास उभे राहणे हे धारिष्ट्यच म्हटले पाहिजे. त्यातून ही ऊब माणसाची नव्हे, गाईवासरांचीही नव्हे. ती सरडे, साप, कासवे आणि सुसरी यांची. परंतु इतिहास म्हणजे केवळ राजे, तह आणि लढाया नव्हेत, हे आता नव्याने सांगण्याची गरज राहिलेली नाही. माणसाने परक्या देहाला काय सोसते आणि काय सोसत नाही हे कसकसे ओळखले, त्यात तो किती वर्षे चुकत राहिला आणि त्या चुकीची किंमत कोणी भरली, हाही इतिहासच होय. आम्ही आज मांडणार आहोत तो सुमारे पावणेदोनशे वर्षांचा असा एक हिशेब आहे, आणि त्यात मेलेल्या जिवांची बाजू फार जड आहे.

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ही म्हण आपण तोकड्या वकुबाच्या माणसासाठी वापरतो. म्हण करणाराने सरडा नीट पाहिला होता यात शंका नाही. मात्र तो कुंपणापर्यंतच का धावतो, हा प्रश्न त्याने स्वतःस विचारला नाही. सकाळी आठच्या सुमारास कुंपणाकडे पाहा. सरडा सर्वांत वरच्या काटकीवर, उन्हाला कूस देऊन, अंग चपटे करून बसलेला असतो. त्याचा रंगही त्या वेळी काळपट असतो, कारण काळा रंग ऊन लवकर पितो. दहा-साडेदहाला तो उन्हाकडे तोंड करून बसतो, म्हणजे अंगाचा कमीत कमी भाग तापावा. दुपारी तो वर दिसतच नाही. आत पानांच्या सावलीत शिरलेला असतो. उन्हे कलली की पुन्हा वर. हातभर उंचीच्या त्या कुंपणात त्याला शेगडीही मिळते आणि छत्रीही. त्याला आणखी पुढे धावण्याचे कारणच काय?

हे साधे निरीक्षण आहे. कोणत्याही खेड्यातल्या पोराला ते ठाऊक असते. परंतु विद्वानांनी या प्राण्यांना नाव दिले ते ‘शीतरक्ती’, म्हणजे थंड रक्ताचे. नाव एकदा पडले की बुद्धी त्याच्यामागून चालते. रक्त थंड आहे असे म्हटल्यावर, ज्याला थंडी वाजते त्याला आपण काय करतो? पांघरूण घालतो. युरोपातील प्राणिसंग्राहकांनी अगदी तेच केले.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उष्ण कटिबंधातले अजगर आणि बोआ जहाजांतून युरोपात जाऊ लागले. फिरत्या जत्रांचे मालक ते पेट्यांत ठेवून गावोगाव दाखवीत. पेटीत घोंगडी, घोंगडीच्या खाली फार तर गरम पाण्याचा डबा. लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाने रीजंट्स पार्कमधील आपल्या बागेत १८४९ साली खास सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी एक घर उघडले. अशा प्रकारचे ते जगातले पहिलेच घर मानले जाते. त्याच घरात १८५२ साली गर्लिंग नावाच्या एका रखवालदाराने मद्याच्या नशेत नागाशी खेळ केला आणि प्राण गमावला. पण तो विषय निराळा. आपल्याला प्रयोजन आहे ते तेथील घोंगड्यांशी. १८५० च्या सुमारास तेथल्या एका बोआने आपली घोंगडीच गिळली. सुमारे महिनाभराने ती त्याने ओकून टाकली, आणि या प्रकाराची लंडनकरांनी बरीच मौज केली.

मौजेचा भाग सोडून द्या. घोंगडी ऊब देते ही आपली समजूत मुळात खोटी आहे. घोंगडी स्वतः काहीच देत नाही. आपल्या देहात जी भट्टी रात्रंदिवस पेटलेली आहे तिची धग ती बाहेर जाऊ देत नाही, इतकेच. ज्याच्या देहात भट्टी नाही त्याला घोंगडी घालणे म्हणजे विझलेल्या चुलीवर झाकण ठेवण्यासारखे. साप घोंगडीखाली जितका थंड तितकाच बाहेर. किंबहुना, चुकून कोठे उन्हाची तिरीप आली तर घोंगडी ती त्याच्या अंगापर्यंत पोचू देत नाही. अशा थंडाव्यात सापाला भक्ष्य पचविता येत नाही. गिळलेला ससा पोटात कुजू लागतो आणि साप तो ओकतो. मग तोंड येते, श्वासनलिका चिकटते, आणि काही आठवड्यांत खेळ आटोपतो. पाहणारास वाटते, प्राणी हवापालटाने मेला, किंवा दुःखाने मेला. तो पुष्कळदा थंडीने मेलेला असे, आणि घोंगडी अंगावर असताना मेलेला असे.

याहून शहाणपणाची दृष्टी त्याच देशात पूर्वी होऊन गेली होती, हे विशेष. सेलबर्न गावचा धर्मोपदेशक गिल्बर्ट व्हाइट याच्याकडे १७८० साली आत्याच्या मागे एक कासव आले. त्याचे नाव टिमथी. पुढे ती मादी असल्याचे निष्पन्न झाले, पण व्हाइटने तिला जन्मभर नर समजूनच वागविले. या गृहस्थाने कासवाला पांघरूण घातले नाही. तो नुसता पाहत बसला. आणि त्याने लिहून ठेवले आहे की उन्हाळ्याच्या काहिलीत हे कासव कोबीच्या मोठ्या पानाखाली दडते, आणि शरद ऋतूत ऊन कोवळे झाले की बागेच्या भिंतीला आपली पाठ कलती टेकवून, तिरप्या किरणांना सामोरे होऊन बसते. भूमितीचे पुस्तक न वाचता ते कोन साधते, याचे त्या भल्या माणसाला मोठे कौतुक वाटले. सर्व रहस्य यात आलेले होते. पण बागेत बसून एका कासवाकडे वर्षानुवर्षे पाहणाऱ्या उपदेशकाचे बोल प्राणिसंग्रहालयांच्या व्यवस्थापकांपर्यंत पोचावयास दीडशे वर्षे लागली.

मधल्या काळात एक विलक्षण वाद झाला, आणि त्याचा धागा आपल्या देशापर्यंत येतो. लामार-पिको नावाचा एक फ्रेंच प्रवासी हिंदुस्थानात फिरून गेला होता. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून ती उबविते, असे त्याने १८३२ मध्ये पॅरिसच्या पंडितांस सांगितले. पंडितांनी ते उडवून लावले. थंड रक्ताचा प्राणी ऊब देणार कोठून? तर्क बिनतोड होता. एवढेच की अजगराने तो ऐकलेला नव्हता. १८४१ साली पॅरिसच्या ‘झार्दँ दे प्लांत’ या राजोद्यानात एका अजगर मादीने पेटीतल्या घोंगडीखाली अंडी घातली, त्यांची रास करून तिच्याभोवती वेटोळे घातले, वर डोके ठेवले आणि सुमारे दोन महिने ती तशीच राहिली. व्हॅलाँसिएन या प्राणिशास्त्रज्ञाने वेटोळ्यांत तापमापक घालून पाहिला, तो भोवतालच्या हवेपेक्षा पारा स्पष्ट वर चढलेला. अंड्यांतून पिले निघाली. १८६२ मध्ये लंडनच्या बागेतही एक मादी अशीच अंड्यांवर बसली, आणि तेथेही तापमापक लावण्यात आले. तरीही ‘हे कसे घडते?’ याचे उत्तर कोणापाशी नव्हते, आणि ज्याचे उत्तर नसते ते पुष्कळदा विसरले जाते. हे उत्तर मिळावयास आणखी एक शतक जावे लागले. त्याकडे आपण येऊच.

घोंगडीचा काळ संपला तो नळांच्या आगमनाने. काचेच्या घरांत अननस आणि ताडमाड वाढविण्याचा छंद इंग्लंडातल्या धनिकांना पूर्वीपासून होता. त्या घरांत बंबातले ऊन पाणी लोखंडी नळांतून खेळवीत. हीच युक्ती प्राण्यांना लागू झाली. लंडनच्या बागेने १८८३ साली सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी नवे प्रशस्त घर बांधले, त्यात पाण्याचे नळ होते, काचेचे छप्पर होते. घरगुती शौकिनांसाठीही पुस्तके निघाली. ग्रेगरी बेटमन या पाद्रीबुवांचे १८९७ सालचे पुस्तक त्यांतले प्रसिद्ध. त्यात दिवा आणि पाण्याची टाकी लावून पेटी कशी ऊन ठेवावी याची वर्णने आहेत.

नळांनी पुष्कळ जीव वाचविले, हे मान्य केले पाहिजे. परंतु चूक एका खोलीतून निघून दुसऱ्या खोलीत गेली. पूर्वी सर्वांना सारखी थंडी होती, आता सर्वांना सारखी ऊब मिळू लागली. वाळवंटातला सरडा, दलदलीतली सुसर, डोंगरावरचे कासव आणि घनदाट अरण्यातला हिरवा साप हे सारे एका छपराखाली, एकाच पाऱ्यावर. दिवसाही तोच पारा, रात्रीही तोच. आपल्याकडे खानावळीत जसे सर्व पानांवर एकच आमटी पडते, तसे. कोणाला ती तिखट लागते, कोणाला अळणी. पण मालक म्हणतो, आमटी आहे ना?

या ठिकाणी एका बाईंचे नाव घ्यावयाचे आहे. आमच्या मते या सर्व कथेतील सर्वांत लक्षात ठेवण्यासारखे माणूस तेच. जोन बीचम प्रॉक्टर यांचा जन्म १८९७ साली लंडनमध्ये झाला. लहानपणापासून प्रकृती तोळामासा. पोटाच्या दुखण्याने शाळा वारंवार बुडे, आणि केंब्रिजला जाण्याचा बेत त्याच पायी सोडावा लागला. मुली बाहुल्या पाळतात त्या वयात या मुलीने सरडे आणि साप पाळले. पुढे तर एक लहानशी सुसर तिच्याजवळ होती, आणि ती सुसर एकदा ती गणिताच्या वर्गात घेऊन गेली. शिक्षिकांना काय वाटले असेल ते आपण कल्पनेने जाणावे. ब्रिटिश म्युझियममध्ये बूलेंजर नावाचे त्या काळचे सर्वश्रेष्ठ सरीसृपतज्ज्ञ होते. हिंदुस्थानातील सरीसृपांवरचा त्यांचा १८९० चा ग्रंथ आपल्याकडच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. त्यांनी या मुलीला हाताशी घेतले. पदवी नाही, प्रकृती नाही. पण १९२० मध्ये बूलेंजर निवृत्त झाले तेव्हा विभागाचे काम तिच्याकडे आले, आणि १९२३ मध्ये लंडनच्या बागेने सरीसृपांची प्रमुख म्हणून तिला नेमले. त्या जागेवर स्त्री बसण्याचा तो पहिलाच प्रसंग.

प्रॉक्टरबाईंनी जुन्या घरातील मेलेल्या प्राण्यांच्या नोंदी पाहिल्या, जिवंत प्राण्यांची सवय पाहिली, आणि नवे घर मागितले. वास्तुशिल्पी सर गाय डॉबर यांच्या साहाय्याने त्यांनी स्वतः आखलेले ते घर १९२७ साली उघडले. त्यात तीन गोष्टी नव्या होत्या. विजेने उष्णता देण्याची सोय अशी केलेली होती की प्रत्येक पिंजऱ्याचा पारा शेजारच्या पिंजऱ्यापासून निराळा राखता यावा. प्रेक्षकांची वाट अंधारी ठेवून दिवे पिंजऱ्यांच्या आत टाकले होते, त्यामुळे प्राण्याला प्रकाश मिळे आणि माणूस त्याला फारसा दिसत नसे. तिसरी गोष्ट काचेची. साधी काच सूर्यप्रकाशातले जंबुपार किरण अडविते. आणि ते किरण अंगावर पडल्यावाचून मुलांच्या हाडांना मुडदूस होतो, हे वैद्यांना त्याच दशकात उमगलेले होते. सरड्यांचीही हाडे तशीच मऊ पडतात, जबडा रबरासारखा वाकतो. म्हणून प्रॉक्टरबाईंनी हे किरण आत येऊ देणारी नव्या तऱ्हेची ‘व्हायटा’ काच वापरविली. ऊब आणि ऊन या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्या काचेत मान्य झालेले आहे. नळ ऊब देतो, ऊन देत नाही.

त्याच वर्षी डच ईस्ट इंडीजमधून दोन कोमोडो घोरपडी लंडनला आल्या. वाघाशी तुलना व्हावी असा त्यांचा लौकिक. त्यांतील सुंबावा नावाची घोरपड प्रॉक्टरबाईंच्या हातून खाई, त्यांच्याबरोबर फिरे. १९२८ साली मंडळाच्या सभेत त्यांनी तिला सर्वांसमोर आणले, आणि सभासदांच्या देखत तिने बाईंच्या हातचे कोंबडे खाल्ले. यात जादू नव्हती. नीट उबलेला, नीट पचलेला आणि न भ्यालेला प्राणी कसा वागतो, हे युरोपाने तोवर क्वचितच पाहिले होते. त्याने पाहिले होते ते अर्धवट गारठलेले प्राणी, आणि त्यांच्यावरून सरीसृप हे मंदबुद्धी आणि आळशी असतात असा निर्णय देऊन टाकला होता. थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाची परीक्षा घेऊन मनुष्यजात मुकी आहे असे ठरवावे, तशातलाच तो प्रकार! प्रॉक्टरबाई अखेरच्या काळात चाकांच्या खुर्चीतून बागेत फिरत. १९३१ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, त्या वारल्या.

प्रत्येक जातीला आपला पारा असतो, हे प्रॉक्टरबाईंनी भिंतीत आणि तारांत लिहिले. परंतु शास्त्रात ते सिद्ध व्हावयाचे होते, आणि ते काम वाळवंटात झाले. रेमंड कौल्स हा मिशनऱ्यांचा मुलगा. दक्षिण आफ्रिकेत नाताळमध्ये जन्मलेला, पुढे कॅलिफोर्नियात प्राध्यापक. वाळवंटातले सरडे कितीही ऊन सहज सोसत असतील असे तेव्हा सर्वांस वाटे. त्याच विद्यापीठातल्या मोझाउअर नावाच्या अभ्यासकाने १९३०नंतरच्या काळात ते पाहावयाचे ठरविले, आणि भर उन्हात सावलीवाचून अडकवून ठेवलेले वाळवंटी साप-सरडे काही मिनिटांत मरतात असे त्याला आढळले. ज्या वाळवंटात ते पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते, त्याच वाळवंटात! मग ते जगतात कसे?

कौल्स आणि त्याचा विद्यार्थी चार्ल्स बोगर्ट यांनी वाळवंटात पिंजरे उभारले, त्यात ऊनही ठेवले, सावलीही ठेवली, बिळेही ठेवली. आणि मग प्राण्यांना त्यांच्या मर्जीवर सोडून, वेळोवेळी त्यांच्या देहाचे तापमान घेतले. १९४४ मध्ये त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात दिसून आले ते असे : सरडा दिवसभर ऊन-सावलीत येरझारा घालून आपल्या रक्ताचा पारा फार अरुंद पट्ट्यात राखतो. प्रत्येक जातीचा पट्टा निराळा आणि ठरलेला. तो ओलांडावयाची वेळ येते तेव्हा प्राणी आपण होऊन हलतो. आणि त्याच्या वर अवघ्या काही अंशांवर मृत्यू उभा असतो. आता आकडे ऐका. त्या वाळवंटातला ‘डेझर्ट इग्वाना’ नावाचा सरडा चाळीस अंशांच्या आसपास रक्त ठेवून हिंडतो. या मंडपात बसलेल्या आपणा सर्वांचे रक्त सदतीस अंशांवर आहे. म्हणजे ज्याला आपण थंड रक्ताचा म्हणतो त्याचे रक्त आपल्याहून ऊन! उलट न्यूझीलंडातला तुआतारा सोळा ते एकवीस अंशांत सुखी असतो. त्याला मुंबईच्या हवेत आणले तर ती त्याला भट्टी होईल. ‘शीतरक्ती’ हा शब्द मग टिकतो कसा? कौल्सने तो सोडून द्यावा असे सुचविले आणि त्याऐवजी ‘बाहेरून ताप घेणारा’ या अर्थाचा शब्द रूढ केला. मराठीत आपण बाह्यतापी म्हणावे.

या कौल्सनेच एक गमतीचा प्रयोग केला होता. त्याने सरड्यांना केसाळ कातड्याचे छोटे अंगरखे शिवून घातले. अंगरखा घातलेला सरडा उघड्या सरड्यापेक्षा सावकाश तापला. लंडनच्या त्या बोआची घोंगडी येथे, शंभर वर्षांनी, निकालात निघाली.

पण प्रत्येक नियमाला एक घरचाच भेदी असतो. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात भारतीय अजगराच्या ब्रह्मदेशी उपजातीची एक मादी अंड्यांवर बसली. हचिसन, डाउलिंग आणि विनेगार या तिघा शास्त्रज्ञांनी तिच्या श्वासाचे आणि देहतापाचे मोजमाप केले, आणि १९६६ साली ते प्रसिद्ध केले. भोवतालची हवा तेहतीस अंशांच्या खाली उतरली की त्या मादीचे स्नायू ठरावीक अंतराने आचके देऊ लागत. हवा जसजशी गार, तसतसे आचके अधिक, प्राणवायूचा खप अधिक, देहही अधिक ऊन. माणूस थंडीत कुडकुडतो ना? तेच. मात्र ती स्वतःसाठी कुडकुडत नव्हती. एरवी ती इतर सापांसारखीच बाह्यतापी; केवळ अंडी असतील तोवर ती स्नायू जाळून भट्टी पेटविते. सर्वच जातींचे अजगर असे करीत नाहीत. पण लामार-पिकोने हिंदुस्थानातून जाऊन जे सांगितले ते, चौतीस वर्षे वर शंभरांनी, पूर्णपणे खरे ठरले. पंडितांनी त्याची क्षमा मागितल्याचे ऐकिवात नाही, आणि तोही ती घ्यावयास उरला नव्हता.

योगायोग असा की त्याच १९६६ साली आणखी एक शोध लागला, आणि तो आम्हास अधिक गंभीर वाटतो. आफ्रिकेत डाकार येथे मादलेन शार्निए या फ्रेंच संशोधिकेने एका सरड्याची अंडी निरनिराळ्या तापमानांत उबविली. अंड्यांतून नर निघावेत की माद्या, हे उबेवर ठरत होते! पुढे कित्येक कासवांत आणि सर्व सुसरींत हेच आढळले. आपल्या मगरीचा अभ्यास मद्रासजवळच्या मगर-निधीत झाला. हा मगर-निधी रोम्युलस व्हिटेकर यांनी १९७६ साली स्थापिला, आणि १९८९ मध्ये लँग, अँड्र्यूज व व्हिटेकर यांनी तेथले निष्कर्ष प्रसिद्ध केले. अठ्ठावीस ते एकतीस अंशांत ठेवलेल्या अंड्यांतून सगळ्या माद्या. साडेबत्तीस अंशांत सगळे नर. दीड अंशाचा फेर! आपल्याला ताप आहे की नाही हे पाहताना जेवढा फरक आपण हाताला समजून घेतो, तेवढ्यावर एका पिढीचे लिंग ठरते. पिंजऱ्यातली ऊब ही तोवर सुखसोयीची गोष्ट समजली जात असे. आता तिला वंशाचा भार आला.

ताप हा शब्द आलाच आहे, तर तापाचे सांगतो. आजारी पडल्यावर आपला देह आतली भट्टी वाढवितो. सरड्यापाशी भट्टी नाही. मग त्याला ताप येतो की नाही? १९७४ मध्ये अमेरिकेत क्लूगर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वर सांगितलेल्या वाळवंटी इग्वानांना मेलेल्या जंतूंची लस टोचली, आणि एका टोकाला ऊन व दुसऱ्या टोकाला गार अशा जागेत सोडले. ते सरडे नेहमीपेक्षा अधिक ऊन जागी जाऊन बसले. म्हणजे त्यांनी ताप चालत जाऊन आणला! पुढच्या वर्षी जिवंत जंतू टोचून सरड्यांना चौतीस ते बेचाळीस अंशांपर्यंतच्या निरनिराळ्या पण ठराविक पाऱ्यांत कोंडण्यात आले. जे गार जागी कोंडले होते ते बहुतेक मेले. जे ऊन जागी होते त्यांतले पुष्कळ जगले. हा प्रयोग क्रूर आहे, हे आम्ही झाकून ठेवीत नाही. पण त्यातून जे निघाले ते प्रत्येक पिंजऱ्याच्या मालकाने ऐकले पाहिजे. ज्या पेटीत एकच पारा आहे, त्या पेटीतल्या प्राण्याला आजारी पडल्यावर ताप येऊ देण्याचीही मुभा नाही. पेटीच्या एका अंगाला ऊन आणि दुसऱ्या अंगाला गार, अशी दोन टोके का असावीत याचे याहून मोठे कारण आम्हास ठाऊक नाही.

शास्त्र इतके पुढे गेले, बाजार मात्र आपल्या चालीने चालला. भूमध्य समुद्राकाठची कासवे टोपल्याच्या टोपल्या भरून इंग्लंडात विकली जात; मुलांचे खेळणे म्हणून घरोघर ती घेतली जात, आणि त्यांतल्या बहुतेकांना तिथला पहिला-दुसरा हिवाळा सोसत नसे. हा व्यापार १९८४ मध्ये बंद झाला. पुढे विजेचा ‘तापता दगड’ निघाला : आत तार, वर सिमेंटचा खडक. तो दिसावयास फार छान. आजूबाजूची हवा गार आणि ऊब देणारी जागा तेवढीच एक, म्हणून सरडा त्याच्यावर तासन्‌तास पडून राही आणि पोटाची कातडी भाजून घेई. वास्तविक उष्णतेला लगाम घालणारे यंत्र काही नवे नव्हते. कॉर्नेलिस ड्रेबेल नावाच्या डच कारागिराने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, कोंबडीची अंडी उबविण्याच्या पेटीसाठी, आच वाढली की आपोआप झडप मिटविणारी योजना केली होती, आणि ‘थर्मोस्टॅट’ हा शब्दही १८३० पासून रूढ आहे. यंत्र होते, शब्द होता. चार पैसे वाचविण्याची बुद्धी मात्र दोघांहून जुनी होती.

आपल्याकडे काय? आपल्या देशातले साप, घोरपडी, तारांकित कासवे घरात पाळणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, हे पुष्कळांना अजूनही माहीत नसते. पाठीवर तारे असलेले ते सुंदर कासव लक्ष्मी आणते म्हणून लोक ते चोरून बाळगतात. परदेशात जाणाऱ्या पेट्यांत तर ती चिकटपट्टीने गुंडाळून भरलेली सापडतात. २०१९ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंदी आली. परदेशी इग्वाना आणि अजगर पाळण्याची हौस मात्र मुंबई-पुण्यात वाढली आहे, आणि २०२४ च्या नियमांनुसार अशा अनेक जातींची नोंद करणे मालकावर बंधनकारक आहे. नोंद होईल, पण पाऱ्याचे काय? परदेशी पुस्तके लिहितात ती लंडन-शिकागोच्या हिवाळ्यासाठी : इतके दिवे लावा, इतके पत्रे तापवा. आमच्या ओळखीच्या एका घरी हौसेने आणलेल्या इग्वानाची काचपेटी गच्चीला लागून, दिव्यासकट, एप्रिलात ठेवलेली आम्ही पाहिली. काचेची बंद पेटी उन्हात काय होते हे, ज्याने दुपारी उन्हात उभी केलेली मोटार उघडली आहे, त्याला सांगावयास नको. थंडीने सरडा मरतो तो आठवड्यांनी. उष्म्याने मरतो तो एका दुपारी. महाराष्ट्रात वर्षाचे आठ महिने प्रश्न उबेचा नाहीच, गारव्याचा आहे, आणि पाण्याच्या भांड्याइतकीच एका अंधाऱ्या, ओलसर कोपऱ्याची गरज आहे.

गारव्याचे काम आपल्या लोकांना जमते, याचे एक उदाहरण सांगून थांबतो. वर सांगितलेल्या मगर-निधीच्या आवारातच इरुळा जमातीच्या लोकांची सापांची सहकारी संस्था आहे. ती १९७८ साली निघाली. पूर्वी हे लोक कातड्यासाठी साप मारीत. तो व्यापार कायद्याने बंद झाल्यावर ते सर्पविषाच्या लसीसाठी लागणारे विष काढू लागले. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे पकडून आणतात आणि मातीच्या मडक्यांत ठेवतात. मडके निम्मे रेतीने भरलेले, तोंडाला सुती फडके बांधलेले. ना वीज, ना नळ, ना काच. मद्रासच्या उन्हाळ्यात, आपण माठातले पाणी ज्या न्यायाने गार राखतो, त्याच न्यायाने साप गार राहतो. त्याच्या अंगाला रेतीचा स्पर्श असतो आणि डोळ्यांसमोर अंधार. तीन-चार आठवड्यांत ठरावीक वेळा विष काढून घेतात. मग पोटावरचे एखादे खवले खुणेसाठी किंचित कातरतात, म्हणजे तोच साप पुन्हा धरला तर ओळखता यावा, आणि त्याला रानात नेऊन सोडून देतात.